साखरबाई आणि भिंतीपलीकडचा लेथ

धाकटीचा फोन आला तेव्हा साखरबाई गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. धाकटी म्हणजे तिची शेवटची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान म्हणून ते नाव पडलं. आता ती त्याच विभागाची प्रमुख होती, कानशिलाजवळचे केस पिकले होते, पण साखरबाईच्या तोंडी ती धाकटीच.

"बाई, माशांची खोली पाडतायत," धाकटी म्हणाली. "नवीन इमारत होणार आहे तिथे. त्याआधी एकदा येऊन जा. आणि काकांनाही आणा."

"त्यांना कशाला?"

"वा! निम्मा प्रयोग त्यांचा होता. तुम्हीच तर सांगायचात."

काका म्हणजे साखरबाईचा नवरा. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये त्याने उभी नोकरी लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, काढली. त्यामुळे सगळे त्याला टर्नर म्हणत. लग्नानंतरही ते नाव सुटलं नाही. साखरबाईची आई तर जावई वगैरे न म्हणता "आमचे टर्नर जेवले का?" असंच विचारायची. आणि साखरबाई हे नाव त्याच वर्कशॉपने ठेवलेलं. ही बाई माशांना साखरेची इंजेक्शनं देते हे कळलं, त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

टर्नर आतल्या खोलीत पंख्याचं बटण उघडून बसला होता. बातमी ऐकून त्याने पेचकस खाली ठेवला.

"पाडतायत? भिंतीसकट?"

"भिंत ठेवून काय करणार, लोणचं घालणार?"

"नाही, विचारलं आपलं," तो म्हणाला, आणि उठून दाढी करायला गेला. जायचं दोन दिवसांनी होतं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

ठरल्या दिवशी दोघं बसने गेले. संस्थेच्या फाटकावरचा पहारेकरी नवा होता, त्याने नाव-गाव विचारलं. एके काळी या फाटकातून साखरबाई ओले गमबूट घालून आत-बाहेर करायची आणि कोणी तिला हटकत नसे. धाकटी धावत आली, दोघांना मागच्या बाजूला घेऊन गेली आणि "तुम्ही बघा सावकाश, मी वर जाऊन तयारी करते," म्हणून निघून गेली.

खोलीत टाक्या होत्या, पाणी नव्हतं. गोल टाक्यांच्या आतून शेवाळाची हिरवी रेघ तेवढी राहिली होती, पाणी कुठवर असायचं ते सांगणारी. नळ कोरडे. ओल्या सिमेंटचा आणि माशांच्या खाण्याचा तो जुना वास मात्र भिंतींनी सोडला नव्हता. साखरबाईने तो छाती भरून घेतला. टर्नर तडक पलीकडच्या भिंतीकडे गेला आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

"इथेच," तो म्हणाला.

"इथेच," ती म्हणाली.

ती इथे पहिल्यांदा आली तेव्हा नुकतीच पदवी घेतलेली, काठीसारखी सडपातळ, बोलायला तिखट आणि सरांना मात्र थरथर घाबरणारी अशी होती. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. मोठा माणूस. आवाज भरदार, हात सदैव हवेत, आणि बोलायला लागले की समोरच्याने घड्याळ काढून ठेवावं. त्यांच्या एका वाक्यावर सगळा विभाग उभा होता: माशाचा स्नायू इन्सुलिनला बहिरा असतो.

सर ते असं समजावून सांगत. माणूस जेवला की रक्तात साखर चढते. मग इन्सुलिन सुटतं. ते स्नायूंना निरोप देतं की बाबांनो, साखर आली आहे, आत घ्या. स्नायू दारं उघडतात, साखर आत घेतात, रक्तातली साखर उतरते. हा निरोप स्नायूला पोहोचला नाही की झाला मधुमेह. आता मासा घ्या. थंड पाण्यातला, अंगावर ठिपके असलेला ट्राउट. त्याला साखर टोचली तर ती दिवसभर रक्तात तशीच फिरत राहते. वर इन्सुलिन टोचलं तरी फारसा फरक नाही. "म्हणजे," सर दोन्ही हात पसरून म्हणत, "मासा हा जन्माचा मधुमेही! निरोप जातो, पण ऐकणारा बहिरा!"

वर्गात हशा पिकायचा. साखरबाईही हसली होती.

तिला काम मिळालं ते सरांचाच प्रयोग जास्त मासे घेऊन पुन्हा करण्याचं. जाळीने मासा धरायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा, टोचायचं, सोडायचं. थोड्या वेळाने पुन्हा धरायचा, रक्त काढायचं, सोडायचं. पुन्हा धरायचा. पाणी इतकं थंड की बोटं आपली आहेत की उसनी आणलेली तेच कळत नसे. आणि एवढं करून आकडे काही सरळ येईनात. एका माशाची साखर उतरायची, दुसऱ्याची चढायची, तिसऱ्याची जागची हलायची नाही. सगळा आनंदीआनंद.

"तुमचा हात बसला नाही अजून," सर म्हणायचे. रागाने नव्हे, समजुतीने. तेच तिला जास्त लागायचं.

खोलीच्या भिंतीपलीकडे वर्कशॉप होतं. तिथे सकाळपासून लेथ चालायचा. आधी घरघर, मग एक लांबलचक किंकाळी, मग खण्णकन काहीतरी पडायचं. पहिल्या आठवड्यात तिचं डोकं उठलं, दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. माणसाला होते सवय.

मग एकदा सुट्टीच्या दिवशी ती कामाला आली. घरी पाहुणे येणार होते आणि पाहुण्यांबरोबर त्यांचा लग्नाचा मुलगाही येणार होता, म्हणून ती कामाचं निमित्त काढून सटकली होती. वर्कशॉप बंद. खोलीत फक्त पाण्याचा आवाज. तिने नेहमीसारखं रक्त काढलं, साखर मोजली, आणि आकडा पाहून पुन्हा मोजली. काहीही न टोचलेल्या माशांची साखर एरवीपेक्षा कितीतरी खाली होती. तेच मासे, तेच पाणी, तीच सुई.

ती टाकीच्या काठावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आली आणि टाकीजवळ नुसती उभी राहिली. मासे तळाशी संथ उभे होते, कल्ले तेवढे हलत होते. पलीकडे लेथ सुरू झाला. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली आणि सगळे मासे एकदम, कोणीतरी चाबूक ओढल्यासारखे, दुसऱ्या बाजूला गेले.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणूस घाबरला की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. मासा घाबरला की त्याच्या यकृतातली साखर रक्तात पळते. आता पळायचं आहे, इंधन लागेल, म्हणून शरीर ती सोडतं. इकडे इन्सुलिन साखर उतरवायला बघणार आणि तिकडे भीती ती पुन्हा चढवणार. लेथ तर होताच, पण त्याहून मोठी भीती ती स्वतः होती, जाळी घेऊन येणारी. इतके दिवस ती साखर मोजतच नव्हती. भीती मोजत होती.

जाळीचं काय करायचं ते नंतर बघू, आधी लेथ, असं म्हणून ती तशीच, गमबुटांतून पाणी ठिबकत, वर्कशॉपमध्ये शिरली. लेथवर एक तरणाबांड माणूस वाकला होता, नाकावर चष्मा घसरलेला.

"मशीन बंद करा," ती ओरडली. "माझे मासे घाबरतात!"

त्याने मशीन बंद केलं. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत सगळं वर्कशॉप तिच्याकडे बघायला लागलं. मग कोपऱ्यातून कोणीतरी खुसखुसलं आणि सगळेच हसायला लागले.

टर्नर हसला नाही. त्याने चष्मा वर सरकवला. "मला घाबरतात? बाई, आमच्या घरातलं मांजरसुद्धा मला घाबरत नाही."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला. इथे माझं सगळं काम पाण्यात चाललंय."

"मासे म्हटल्यावर पाण्यातच चालणार," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून घाईघाईने पुढे म्हणाला, "चला, दाखवा."

तो आला. पलीकडे दुसऱ्या माणसाला लेथ सुरू करायला सांगून स्वतः टाकीजवळ वाकून उभा राहिला. वर्तुळं उठली, मासे उधळले. त्याने भिंतीवर हात ठेवला, जमिनीवर ठेवला, मग नुसता उभा राहिला. "बिचारे," तो हळूच म्हणाला. त्या एका शब्दावर साखरबाईचा अर्धा राग उतरला. बाकीचा अर्धा तिने शिल्लक ठेवला, पुढे लागला तर असावा म्हणून.

मार्ग असा निघाला की सकाळ तिची आणि दुपार त्याची. सकाळी तो आराखडे काढणार, मापं घेणार, हाताने कानस मारणार. लेथ दुपारी. वर्कशॉपच्या मुख्य मिस्त्रींनी बरीच आदळआपट केली, "उद्या झाडांना झोप लागत नाही म्हणून करवत बंद करायला सांगाल," असंही ऐकवलं, पण टर्नरने कसंबसं गळी उतरवलं.

आता जाळीचा प्रश्न. माशाला हातच लावायचा नाही आणि रक्त तर काढायचं, हे कसं जमावं? तिने वाचून वाचून एक रीत शोधली. माशाला एकदाच भूल द्यायची, तोंडातल्या टाळूतून पाठीच्या मोठ्या रक्तवाहिनीत केसासारखी बारीक नळी बसवायची आणि तिचं टोक बाहेर काढायचं. मग मासा अंधाऱ्या पेटीत एकटा ठेवायचा, वाहत्या पाण्यात. दोन-तीन दिवस त्याच्याकडे कोणी बघायचंसुद्धा नाही. त्याचं मन थाऱ्यावर आलं की टोचणं काय आणि रक्त काढणं काय, सगळं बाहेरून, नळीतून. माशाला पत्ता नाही.

पेट्या टर्नरने केल्या. पहिली पेटी गळकी निघाली. रात्रीतून सगळं पाणी जमिनीवर. दुसरीचं झाकण बसेना. तिसरी मात्र जमली, आणि मग तशाच आणखी सात-आठ. काळ्या पत्र्यासारख्या प्लास्टिकच्या, आतून गुळगुळीत. आणि प्रत्येक पेटीला त्याने एकेक तोटी बसवली, पितळेची, स्वतः कातलेली, इतकी सुबक आणि चकचकीत की साखरबाई ती उगाचच उघडून-मिटून बघत राहिली.

"कशा झाल्यात?" त्याने विचारलं.

"दागिन्यांसारख्या," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर लाजली.

मासे पेट्यांत ठेवले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ते मेलेले होते. सगळे. कल्ल्यांवर बुळबुळीत थर आलेला. पितळेत तांबं असतं, आणि ते पाण्यात उतरलं की माशांच्या कल्ल्यांना विष होतं. हे तिला माहीत होतं. शिकवलेलं होतं, पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. त्या तोट्यांच्या चमकेपुढे ते तिला आठवलंच नाही.

टर्नर आला तेव्हा ती मेलेले मासे बादलीत भरत होती. शिल्लक ठेवलेला अर्धा राग तिने सगळा त्याच्यावर काढला. धातूचं सोडून दुसरं काही सुचतच नाही का, विचारायला तोंड नव्हतं का, असं नाही नाही ते बोलली. त्याने पान्याने एकेक तोटी काढली, खिशात टाकली आणि गेला.

तिला घरी जेवण गेलं नाही. चूक तिची होती हे तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त चिडचिड होत होती. आठवडाभर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. पण सकाळी लेथ बंदच असायचा. भिंतीपलीकडून कानशीचा खरखर आवाज यायचा तेवढा. एवढं भांडण होऊनही तिची सकाळ त्याने तिलाच ठेवली होती. ते ऐकत ती रिकाम्या पेट्यांसमोर बसून राहायची.

एके दिवशी टेबलावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पांढऱ्या नायलॉनच्या तोट्या. पितळेच्या होत्या तशाच, फक्त चमक नसलेल्या. ती तशीच उठून वर्कशॉपमध्ये गेली.

"चूक माझी होती," ती दारातूनच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तांब्याचं मला माहीत होतं."

"मलाही विचारायला तोंड नव्हतंच," तो म्हणाला. कोपऱ्यातून पुन्हा कोणीतरी खुसखुसलं.

नवे मासे पेट्यांत गेले. तीन दिवस तिने खोलीत पाय टाकला नाही. चौथ्या सकाळी चपला बाहेर काढून, चोरासारखी पावलं टाकत ती आत गेली, नळ्यांतून साखर दिली, इन्सुलिन दिलं, थांबली, आणि थेंब थेंब रक्त काढत राहिली. साखर उतरायला लागली. माणसात उतरते तशी भराभर नव्हे, माशाच्या चालीने, सावकाश, संध्याकाळपर्यंत. पण एकदाही चढली नाही.

सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, घातला. "साखर उतरली, कबूल. पण ती स्नायूत गेली हे कशावरून? यकृताने परत घेतली असेल."

प्रश्न रास्त होता, हे तिला मान्य करावं लागलं. पण त्या दिवसापासून सरांचं बोलणं तुटक झालं. एरवी दारातून हाक मारणारा माणूस आता बाजूने निघून जायचा. "सर तुला पाण्यात पाहायला लागलेत," मैत्रिणी म्हणाल्या. "मी तरी दुसरं काय करते दिवसभर," साखरबाई म्हणाली खरी, पण मनातून ती खचली होती. ज्या माणसामुळे ती या विषयात आली, त्याचंच वाक्य ती खोडायला निघाली होती.

पुढचं काम अवघड होतं, आणि त्यात मासे मारावे लागणार होते. ते तिला कधीच सोपं गेलं नाही. खूण केलेली साखर द्यायची, जी पेशीत शिरते पण जळत नाही, शिरली तिथेच अडकून बसते. मग एकेका अवयवात किती खुणा सापडतात ते यंत्रावर मोजायचं. माशाच्या अंगावर बहुतेक स्नायू पांढरा असतो. कुशीच्या मध्यरेषेलगत मात्र लाल स्नायूची एक पट्टी असते, सतत पोहण्यासाठी. तिने दोन्ही वेगवेगळे तपासले. यंत्रातून कागदाची पट्टी सरसरत बाहेर येत होती. पांढऱ्या स्नायूत थोडासा फरक. लाल स्नायूत मात्र, इन्सुलिन दिलेल्या प्रत्येक माशात, साखर दुपटीहून जास्त शिरलेली.

तो स्नायू बहिरा नव्हता. त्याला निरोप ऐकू येत होता.

कागदाची पट्टी गळ्यात माळेसारखी अडकवून ती धावत माशांच्या खोलीत आली आणि दोन्ही मुठींनी भिंत बडवायला लागली. दुपार होती, लेथची वेळ. लेथ थांबला. टर्नर धापा टाकत दारात आला, तोंड पांढरंफटक.

"काय झालं? मेले?"

"नाही! घेतात! साखर घेतात!"

"कोण?"

"स्नायू!"

त्याला धड काही कळलं नसावं. पण तो इतका मनापासून हसला की तिला वाटलं, हे असंच कोणाला तरी आयुष्यभर सांगत राहावं. नंतर वर्कशॉपात एकच चर्चा: मासे राहिले बाजूला, साखरबाईच्या गळाला आमचा टर्नर लागला. टर्नरचं म्हणणं, गळ माझा होता.

शोधनिबंध लिहून तिने सरांपुढे ठेवला. त्यांनी तो बारकाईने वाचला, भाषा सुधारली, दोन ठिकाणी मुद्दा आणखी पक्का केला, आणि शेवटी स्वतःचं नाव खोडलं. "यात मी काही केलेलं नाही," एवढंच म्हणाले. तो राग होता की सचोटी, हे तिला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या वर्षी सरांच्या त्याच व्याख्यानाला ती मागच्या बाकावर जाऊन बसली. सर बोलत बोलत माशांवर आले. हात पसरले. आणि म्हणाले, "पूर्वी असा समज होता, की माशाचा स्नायू इन्सुलिनला बहिरा असतो." कोणाचा समज ते सांगितलं नाही. मग त्यांनी घाबरलेल्या माशाची गोष्ट सांगितली, पेट्यांची सांगितली, लाल पट्टीची सांगितली, आणि अशी रंगवून सांगितली की तिला स्वतःला ती नव्याने कळली. तिचं नाव घेतलं नाही. तास संपल्यावर ती रडली, पण नेमकी कशासाठी, ते टर्नरने दोनदा विचारूनही तिला सांगता आलं नाही.

लग्न दोघांनी साध्या सह्या करून केलं. दिवस कसे गेले कळलं नाही. ती शिकवू लागली, मग धाकटी आली, आणि धाकटीने तिच्या पुढचं पाऊल टाकलं. बशीत वाढवलेल्या माशाच्या स्नायूपेशींना इन्सुलिनपेक्षाही त्याच्या एका चुलतभावाचा, वाढीचं काम करणाऱ्या दुसऱ्या एका संप्रेरकाचा, निरोप जास्त मोठ्याने ऐकू जातो, हे तिने दाखवलं. "म्हणजे तुमचं खोडलं का मी बाई?" तिने भीत भीत विचारलं होतं. "छे गं, सोयरीक वाढवलीस," साखरबाई म्हणाली होती.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर ते आजारी असल्याचं कळलं. ती इस्पितळात भेटायला गेली. तो भरदार आवाज आता उशीपुरता उरला होता. दंडाला सुई, शेजारी साखरेच्या नोंदी. त्यांनी तिला ओळखलं. जवळ बोलावलं.

"बघितलंत का," ते म्हणाले, "तुमच्या माशांना ऐकू येत होतं. माझेच स्नायू बहिरे निघाले."

ती हसली आणि तिचे डोळे भरले. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं, आणि मग लगेच, जुन्या सवयीने, ती हल्ली कोणता मासा वापरते, पाण्याचं तापमान किती ठेवते, असले प्रश्न सुरू केले. परिचारिका दोनदा येऊन गेली तरी त्यांचे प्रश्न संपेनात.

"बाई, येताय ना वर?" धाकटीने दारातून हाक मारली, तशी साखरबाई भानावर आली. टर्नरने भिंतीवरचा हात काढला. हाताला चुना लागला होता. त्याने तो पँटला पुसू नये म्हणून तिने आपला रुमाल पुढे केला.

वरच्या नव्या प्रयोगशाळेत सगळं पांढरंशुभ्र आणि कोरडं. कोणाच्या पायात गमबूट नव्हते. धाकटीने दोघांना पडद्यासमोर बसवलं.

"या ट्राउटच्या स्नायूपेशी. साखर आत घेणारी जी दारं असतात ना, त्यांना आम्ही हिरवा चमकणारा रंग जोडलाय. बघा हं. आता इन्सुलिन घालतेय."

पडद्यावर एक लांबट पेशी होती आणि तिच्या पोटात हिरवे ठिपके विखुरलेले. काही वेळ काहीच झालं नाही. मग एक ठिपका सरकला. मग आणखी दोन. मग सगळेच, घाई न करता, माशाच्याच चालीने, कडेकडेला जायला लागले, आणि पेशीची कड हिरवीगार उजळली.

साखरबाई खुर्चीत पुढे सरकली. आयुष्यभर तिने हे कागदाच्या पट्टीवरून ताडलं होतं. आकडा वाढला म्हणजे आत काहीतरी उघडलं असणार, एवढंच. ते उघडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आज ते समोर घडत होतं, आणि तिला वाटलं, सर असते तर त्यांनी आत्ता हात पसरले असते.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली. धाकटीने पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा. टर्नरही चष्मा वर सरकवून बघत होता.

"दारं म्हणजे ही?" त्याने विचारलं.

"ही."

"बिजागरी कुठे दिसत नाही," तो म्हणाला, आणि खोलीतली तरुण मंडळी हसली.

चहा झाला, फोटो झाले. फाटकापर्यंत सोडायला धाकटी आली, पाया पडायला वाकली, तर साखरबाईने तिला वरच्या वर धरून मिठी मारली. मग दोघं रस्त्यापलीकडच्या थांब्यावर येऊन बसले. बसला वेळ होता. ऊन उतरत होतं.

"म्हणजे आता मासे मारावे लागत नाहीत?" टर्नरने विचारलं.

"फार थोडे."

"बरं झालं की."

"फारच बरं झालं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. पण ती थंडगार सकाळ, ते वाहतं पाणी, अंधाऱ्या पेट्यांत निवांत झालेले मासे, आणि भिंतीपलीकडे आपलं मशीन बंद ठेवून बसलेला एक माणूस, हे सगळं एकदम तिच्यापुढे उभं राहिलं. तो प्रयोग पुन्हा करावासा तिला वाटत नव्हता. ती सकाळ मात्र पुन्हा हवी होती.

"तेव्हाच हे असलं पांढरंशुभ्र सगळं असतं," ती म्हणाली, "तर मला लेथची अडचण झालीच नसती. मी तुमच्या वर्कशॉपमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नसतं."

टर्नरने थोडा विचार केला. तो कधीच विचार केल्याशिवाय बोलत नसे.

"आली असतीस," तो म्हणाला. "काही ना काही मोडलं असतंच की."

बस आली. गर्दी नव्हती. खिडकीजवळची जागा त्याने तिला दिली, आणि ती त्याला ते हिरवे ठिपके म्हणजे नेमकं काय, हे अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.